सांगली ते बुसान : कॉफीच्या टेबलावरचे दिवस

२७ एप्रिल २०२४, शनिवार. सांगली

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची. आई दुपारपासून भडंग करत होती आणि लसूण-मिरचीचा असा ठसका उठला होता की मी गच्चीवर जाऊन बसले. महिनाभर ठेचा बंद, लोणचं बंद, कच्चा कांदा बंद. जीभ स्वच्छ ठेवायची म्हणून. अण्णांना हे पटत नाही. ते चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. हळकुंड मोडताना कट्ट असा आवाज आला की वाळवण चांगलं, मग आतला गाभा बघायचा, नाकाला लावायचं आणि भाव बोलायचा. "आम्ही तर भाकरी-ठेचा खाऊनच सौद्याला उभं राहायचो," असं ते आजही म्हणाले. मी काही बोलले नाही. वस्तू हातात घेऊन तिची परीक्षा करायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

विश्रामबागला माझं लहानसं कॉफीचं दुकान आहे. चिकमगळूरकडची कच्ची कॉफी आणून मी स्वतः भाजते. सांगली चहाचं गाव. पहिली दोन वर्षं लोक आत येऊन "चहा आहे का?" विचारून परत जायचे. नंतर बंगळूरला राष्ट्रीय स्पर्धेत परीक्षक म्हणून बसायला लागले. मग पुढच्या परीक्षा दिल्या आणि यंदा जागतिक बरिस्ता स्पर्धेच्या, म्हणजे कॉफी बनवणाऱ्यांच्या स्पर्धेच्या, परीक्षकांत माझं नाव आलं. ही स्पर्धा २००० साली मॉन्टे कार्लोला सुरू झाली. यंदा ती दक्षिण कोरियात बुसानला आहे. परीक्षकांना मोबदला नसतो. तिकिटाचे पैसे मी दुकानातून वर्षभर बाजूला काढले होते.

भडंगाचा डबा बॅगेच्या तळाशी ठेवला. स्पर्धा संपेपर्यंत उघडायचा नाही, असं आईला सांगून टाकलं. "मग कोरियाला फिरवून आणायचाय का?" असं ती म्हणाली आणि वरून आणखी एक पिशवी कोंबली.

२८ एप्रिल, रविवार. मुंबई

दिवस दादरला मावसभावाकडे काढला. रात्रीचं विमान सिंगापूरचं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की माझ्या डोक्यावरच गार हवेचा झोत होता, तो बंद होईना आणि मला पांघरूण उशिरा मिळालं. पहाटे घसा खवखवत होता.

२९ एप्रिल, सोमवार. बुसान

सिंगापूरला विमान बदलून गिमहे विमानतळावर उतरले. घड्याळ साडेतीन तास पुढं केलं. विमानतळावरून छोटी रेल्वे सासांगपर्यंत जाते, तिथं मेट्रोची दोन नंबरची लाइन पकडायची. ती थेट बेक्स्को नावाच्या प्रदर्शन-केंद्रापाशी नेते. स्पर्धा तिथंच. गाडीत एक शब्द बोलणं नाही. सगळे शांत, माझी बॅग मात्र प्रत्येक वळणावर घरंगळत जायची. समोरच्या आजोबांनी ती पायानं अडवून धरली आणि उतरेपर्यंत धरूनच ठेवली.

बुसान बंदराचं शहर. कोरियात येणारी बहुतेक कच्ची कॉफी इथंच उतरते. २०१९ साली बोस्टनला जागतिक विजेती ठरलेली जन जूयन याच शहरातली. गल्लीगल्लीत कॉफीची दुकानं, आणि आत बसलेली माणसं काय पितायत याकडे लक्ष देऊन पितायत. माझ्या दुकानात हे दृश्य दिसावं म्हणून मी किती वर्षं धडपडतेय!

संध्याकाळी खोलीवर पोचले तेव्हा कळलं, डावी नाकपुडी बंद आहे. बरोबर आणलेली वेलची फोडून नाकाशी धरली. काही नाही. दालचिनी धरली, तेच. आपल्याला जी चव कळते असं वाटतं, तिच्यातली बहुतेक वासाची असते. घोट घेतल्यावर वास घशाच्या मागच्या बाजूनं नाकात चढतो आणि तेव्हा कुठं जांभूळ, मध, लिंबू असं काही सुचतं. नाक बंद झालं की जिभेला उरतं ते नुसतं आंबट, गोड, कडू. गरम पाण्याची वाफ घेतली, मिठाच्या गुळण्या केल्या. झोप लागली नाही. एवढ्या लांब येऊन असं व्हावं, याचं फार वाईट वाटत होतं.

३० एप्रिल, मंगळवार. परीक्षकांची परीक्षा

स्पर्धेआधी सगळ्या परीक्षकांना एका मापावर आणतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर बारीक घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. लहानपणी सतारमेकर गल्लीत ते तासन् तास बघितलंय. आजचा दिवस तसाच. एकच एस्प्रेसो, म्हणजे दाबानं काढलेली थोडीशी दाट कॉफी, सगळ्यांनी प्यायचा, आपापला आकडा लिहायचा, मग पाट्या उलटायच्या. गुण ० ते ६, अर्ध्या-अर्ध्या गुणांनी. तीन म्हणजे चांगलं, चार खूप चांगलं, सहा म्हणजे असामान्य. एकानं तीन दिले आणि दुसऱ्यानं पाच, की दोघांनी कारण सांगायचं.

बाहेरच्यांना वाटतं, परीक्षकाला कॉफी आवडली की गुण. आवडीला इथं फारशी जागा नाही. स्पर्धकाला पंधरा मिनिटं असतात. तेवढ्यात चार परीक्षकांना चार एस्प्रेसो, चार दुधाची पेयं आणि चार स्वतः रचलेली बिनमद्याची पेयं, असे बारा कप द्यायचे. वेळ संपल्यावर दर सेकंदाला एक गुण जातो आणि एक मिनिटाच्या वर गेलं की बाद. तंत्र बघणारे परीक्षक वेगळे असतात. कॉफी सांडली किती, दाबली कशी, फडकं कुठलं कुठं वापरलं, हे ते बघतात. आमच्याकडे चव. आणि चवीत एक मोठा भाग असा की स्पर्धक आधी सांगतो, "तुम्हाला यात अमुक फळ लागेल, शेवटी तमुक लागेल." ते खरंच लागतं का, हे आम्ही तपासायचं. त्यानं दिलेला शब्द कपात आहे की नाही, एवढंच.

आता नाकच बंद असताना मी कुणाचा शब्द तपासणार होते? दोन कपांवर माझे आकडे सगळ्यांपासून लांब पडले. चहाच्या सुट्टीत मुख्य परीक्षक बाईंकडे गेले. त्या पोर्तुगालच्या, साठीच्या, केस पूर्ण पांढरे. सांगितलं, मला वास येत नाहीये. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या तू टेबलावर नाहीस. परवाचं उद्या संध्याकाळी बघू." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. स्वच्छतागृहात जाऊन मी रडले. पण ज्या मुलानं किंवा मुलीनं वर्षभर एका कॉफीवर मेहनत केलीय, तिच्यासमोर बंद नाकानं बसणं मला जमलं नसतं. अण्णा ताप असला की सौद्याला जायचे नाहीत. "जीभ खोटं बोलते तापात," म्हणायचे.

दुपारी कोरियन परीक्षक मुलगी मला बुजन बाजारात घेऊन गेली. नाक नसलं तरी डोळे आहेत, असं ती म्हणाली. स्पर्धक इथल्या फळांची नावं घेणार, ती आम्हा बाहेरच्यांना कशी माहीत असणार? म्हणून टेबलावर ठेवायला फळं आणायची होती. पिवळंधमक, पांढऱ्या रेघांचं चामवे घेतलं. काकडी आणि खरबूज यांच्या मधलं, खाताना कुरकुरीत. वाळवलेली ओमिजाची लालभडक बोरं घेतली. त्या नावाचा अर्थच पाच चवींचं फळ. युजा या लिंबाच्या जातीच्या फळाचा मुरंबा घेतला, तो चाटल्यावर मात्र एकदम ईडलिंबू आठवलं. चार वाजले होते. आणि मला कळलं की मला काहीतरी आठवलंय, म्हणजे वास थोडा आलाय.

१ मे, बुधवार. प्रेक्षकांत

सकाळी घरच्या ग्रुपवर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा पडल्या होत्या. अण्णांचा वेगळा निरोप: "नाक?" मी लिहिलं, "अर्धं."

आज प्रेक्षकांत बसून बघितलं आणि ते बरं झालं. टेबलावरून बारा कप दिसतात, इथून स्पर्धकाची पाठ दिसते. एका मुलाचा उजवा हात बोलताना अगदी स्थिर होता आणि डावा, टेबलाखालचा, सतत ॲप्रनची नाडी गुंडाळत होता. परीक्षकांना तो डावा हात दिसत नसणार. एकीनं दुधाचं भांडं ओतताना श्वास रोखून धरला, शेवटचा कप झाल्यावर सोडला आणि माइकवर तो सुस्कारा सगळ्या हॉलला ऐकू गेला. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी मुख्य परीक्षक बाईंनी पाच बंद बाटल्या पुढं ठेवल्या. पाचही वास ओळखले. "उद्या दुपारी, तिसरी खुर्ची," एवढंच बोलल्या.

२ मे, गुरुवार. तिसरी खुर्ची

आजच्या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय. गुण मात्र लिहिणार नाही. ते त्या स्पर्धकाचे आहेत. देशाचं नावही नाही.

एस्प्रेसो म्हणजे साधारण ३० मिलिलिटर, दोन-तीन घोटांचा ऐवज. कप आला की वरचा तांबूस फेस बघायचा, मग चमच्यानं तळापासून ढवळायचं, कारण त्यात थर लागतात. पहिला घोट, थांबायचं. दुसरा. जिभेवर वजन किती, पोत कसा, गिळल्यावर काय मागं राहतं. मान खाली घालून लिहायचं नाही, कारण समोरचा बोलत असतो आणि त्याच्याकडे बघणं हा त्याचा मान आहे. म्हणून हात आंधळेपणानं लिहायला शिकतो. माझ्या कागदावरची अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात.

तिसरा स्पर्धक. कॉफी नॅचरल, म्हणजे फळासकट वाळवलेली, आणि त्याआधी हवाबंद टाकीत आंबवलेली. ही पद्धत वाइनवाल्यांकडून आली. २०१५ साली साशा शेस्तिच यांनी तसली कॉफी घेऊन सिएटलला स्पर्धा जिंकली आणि तेव्हापासून ती सगळीकडे पसरली. मी पहिल्यांदा असली कॉफी प्यायले तेव्हा तासगावजवळच्या सावळजच्या मामाच्या शेडमधली, तळाला दबून आंबलेली द्राक्षांची पेटी आठवली होती. तर हा स्पर्धक म्हणाला, "जाई, हिरवी द्राक्षं आणि शेवटी बेदाणा." इंग्रजीत रेझिन म्हणाला तो. मी मनात बेदाणा ऐकलं.

घोट घेतला. जाई होती. द्राक्षं होती. आणि गिळल्यावर, जिभेच्या कडांवर, आंबटसर गोड, किंचित गवताच्या अंगानं जाणारं काहीतरी उरलं. मी डोळे मिटले नाहीत, पण मार्च महिन्यातली मामाची रॅक समोर उभी राहिली. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढायचे, त्यानं सालीवरची मेणाची पापुद्री विरघळते आणि आतलं पाणी पटकन निघतं. मग जाळ्यांच्या मजल्यांवर सावलीत पसरायचे. पंधराएक दिवसांत हिरवाच राहिलेला बेदाणा हातात येतो. ऊन लागलेला नसल्यामुळे त्यात काकवीचा वास नसतो, द्राक्षाचा आंबटपणा शिल्लक असतो. माझ्या कपात हेच होतं. कागदावर मी मराठीत 'बेदाणा' लिहिलं आणि भरघोस आकडा घातला.

फेरी संपली. आत खोलीत मुख्य परीक्षकांसमोर आम्ही चौघं. बाकीच्या तिघांच्या मते रेझिन लागलंच नाही. त्यांचा रेझिन म्हणजे काळपट, उन्हात वाळवलेला, गुळाच्या काकवीसारखा. बाईंनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

मी सांगितलं. तासगाव सांगितलं, सावली सांगितली, रॅक सांगितली. त्या मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तू म्हणतेस तो रेझिन कपात असेल. पण तो बोलला का तसं? हिरवा, सावलीत वाळवलेला, असं म्हणाला का? त्यानं जे अर्धवट सोडलं ते तू तुझ्या घरून आणून भरलंस का, एवढं मला सांग."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. खोलीत पाण्याच्या बाटलीचं झाकण कुणीतरी उघडलं, तो आवाजसुद्धा लक्षात आहे. मी तो आकडा त्या मुलाला दिला होता, की मामाच्या शेडला? मी पुन्हा कागदाकडे बघितलं. जाईचे आणि द्राक्षांचे शब्द खरे होते. तिसरा शब्द माझ्या जिभेपुरता खरा होता. दुसऱ्या बाजूनं, उरलेल्या तिघांनीही आपापल्या घरचा रेझिन आणूनच तो नाही म्हटलं होतं. हे मी बोलले. बाईंनी मान हलवली, "हेही खरं." आकडा बदलायचा की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मी अर्धा गुण कमी केला. बरोबर केलं का, ते मला आजही ठामपणे सांगता येत नाही. रात्री दोनपर्यंत तोच घोट जिभेवर होता.

३ मे, शुक्रवार

उपांत्य फेरी. माझं टेबलावरचं काम संपलं होतं. बाद झालेल्या स्पर्धकांना सकाळी परीक्षकांशी बोलायला मिळतं, तसा तो मुलगा आला. डोळे सुजलेले, पण वही उघडून बसला. मी त्याला एकच विचारलं, "तुझा रेझिन कसला?" तो गोंधळला. मग म्हणाला, "आजीच्या घरी माळ्यावर सुकवायचे तो. हिरवा." मी म्हटलं, "पुढच्या वेळी हे वाक्य बोल. आजीसकट बोल." त्यानं ते लिहून घेतलं. कागदावर खाली रेघ मारली, दोनदा. मला गलबलून आलं.

दुपारी जागालची मासळी बाजारात गेले. मी मासे खात नाही, बघायला गेले. रबरी हातमोजे घातलेल्या म्हाताऱ्या बायका माशांच्या टोपल्यांमागं बसल्या होत्या आणि कागदी कपातून कॉफी पीत होत्या. पुडी फोडायची, गरम पाणी, त्याच रिकाम्या पुडीनं ढवळायचं. कॉफी, साखर, दुधाची पावडर, सगळं एकत्रच. मी बघतेय हे बघून एका आजीनं माझ्या हातात एक कप दिला. पैसे घेईना. गोड, दाट, वाफाळती. समुद्राचा गार वारा होता आणि उभ्यानं प्यायलेला तो कप मला आपल्या एसटी स्टँडवरच्या कटिंगइतका जवळचा वाटला. "गाम्साहाम्निदा," म्हटलं, म्हणजे धन्यवाद. तिनं हातमोज्यानंच माझी पाठ थोपटली. खोलीवर आल्यावर जॅकेटला माशांचा वास येत होता, आणि नाक पूर्ण सुटलं होतं.

४ मे, शनिवार. अंतिम फेरी

सहा जण. हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. इंडोनेशियाचा मिखाएल यासिन जिंकला. इंडोनेशियाचा हा पहिला जागतिक विजेता. जाहीर झालं तेव्हा माझ्या शेजारचे इंडोनेशियन लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते आणि त्यांच्यातल्या एकानं मलाही मिठीत ओढलं.

ज्या देशांत कॉफी पिकते, तिथल्या माणसाला हा किताब मिळायला २०११ उजाडावं लागलं, एल साल्वाडोरचा अलेहांद्रो मेंदेस बोगोटात जिंकला तेव्हा. पुढं ग्वाटेमाला, कोलंबिया, गेल्या वर्षी ब्राझील, आता इंडोनेशिया. आपल्याकडे बाबाबुडनगिरीवर कॉफी रुजून तीनशेहून जास्त वर्षं झाली. त्या स्टेजवर आपलं कुणी उभं राहावं, ही इच्छा मला आज फार तीव्रतेनं झाली. मी टाळ्या वाजवत होते आणि चिकमगळूरच्या मुलामुलींचे चेहरे आठवत होते.

रात्री खोलीत सगळे परीक्षक जमले. भडंगाचा डबा उघडला. महिनाभरानं लसूण-मिरची जिभेवर आली तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. कोरियन मुलगी मूठभर मूठभर खात होती. पोर्तुगालच्या बाईंनी एक-एक शेंगदाणा वेगळा काढून खाल्ला, मग कढीपत्त्याचं पान उचलून दिव्यापाशी धरलं, चुरगाळून वास घेतला. निघताना म्हणाल्या, "तुझा तो रेझिन मला पाठव. पुढच्या वर्षी कॅलिब्रेशनच्या टेबलावर दोन्ही ठेवू, शेजारी शेजारी."

७ मे, मंगळवार. सांगली

पाच आणि सहा तारीख प्रवासात गेली. पहाटेची गाडी, स्टेशनवर अण्णा. घरी बॅग टाकली, आंघोळ केली आणि आधी मतदान करून आले. रांगेत शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, किती कॉफी प्यायलीस?" उन्हानं अंगाची लाही होत होती. आईनं डबा रिकामा बघून काही न बोलता पुन्हा मुरमुरे काढले.

९ मे, गुरुवार. मार्केट यार्ड

अण्णांना घेऊन बेदाण्याच्या सौद्याला गेले. ट्रेमधून मालाचे नमुने मांडलेले, व्यापारी मूठ भरून उजेडात धरायचे आणि परत सोडायचे. अण्णांच्या ओळखीचे एक तात्या आहेत. त्यांनी मला सगळ्यात लांब, सोनेरी, चकचकीत माल दाखवला.

"हा घ्या पाहुण्यांसाठी. एक नंबर हाय."

"तात्या, गंधकाची धुरी दिलेला नको. हिरवा दाखवा. साधा."

"साधा? फॉरेनला पाठवताय न्हवं?"

त्यांनी तीन ट्रे पुढं ओढले. पहिला नुसता गोड. दुसरा चिवट, जुना. अण्णा बाजूला काठी टेकून उभे होते, काही बोलत नव्हते. तिसऱ्यातला एक दाणा मी तोंडात टाकला, दातानं हळू फोडला आणि जिभेच्या कडेवर धरून थांबले. अण्णांनीही त्याच ट्रेमधला एक उचलला, नाकाला लावला, मग तोंडात टाकला.

"सावळजकडचा वाटतोय," ते म्हणाले.

"अर्धा किलो द्या, तात्या," मी म्हटलं. "या तिसऱ्यातला."